पलीकडचा हात

“पलीकडच्या माणसाचा हात माझ्या हातात येऊ द्या, आबासाहेब. मग बिलावर सही.”

ओव्हरसियर सत्यवानने हे आजवर कितीदा तरी सांगितलं होतं. कंत्राटदार आबासाहेब नेहमीसारखे हसले. बोगद्याच्या तोंडाशी सकाळचं धुकं इतकं दाट होतं, की समोर टांग्याचा घोडा उभा आहे की नुसता भास होतोय, ते कळेना.

“म्हनून तर बोलावलं तुमास्नी,” ते म्हणाले. “काल सांजच्याला खडक फुटला. पलीकडची मान्सं वाट बघत्यात.”

लढाईमुळे सुरुंगाची दारू मिळत नव्हती, तरी डोंगराच्या दोन्ही अंगांनी खोदकाम चालू होतं. पैसा लोकांच्या कराचा, आणि सत्यवान त्यावर नागासारखा बसला होता. त्याने दोनदा बिल परत पाठवलं होतं. कमानीचा चुना नखाने उकरून आबासाहेबांच्या तळहातावर ठेवला होता. घरी आलेलं तूप आणि कोंबड्या आल्या पावली परत धाडल्या होत्या. मजूर त्याला मागे नावं ठेवत, पण त्यांनाही मनातून तो आवडत असावा.

हा कडकपणा नुसता कायद्याचा नव्हता. त्याची धाकटी बहीण रोझी डोंगरापलीकडे दिलेली होती. मिशनचा दवाखाना मात्र अलीकडे, संगमनेरच्या वाटेवर. दोनदा तिला कळा लागल्या, दोनदा बैलगाडी जुन्या घाटाने निघाली, आणि दोन्ही वेळा मूल घाटातच गेलं. आता ती पुन्हा पोटुशी होती. सुगीपर्यंत या बोगद्यातून गाडी जाऊ दे, एवढंच सत्यवान रोज प्रार्थनेत मागत असे.

मुकादम पुंजाराम चिमणी घेऊन पुढे झाला. एकच चिमणी, कारण घासलेट मिळत नव्हतं. आत शिरताच बाहेरचे आवाज विरून गेले. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. सत्यवानला वाटलं, आपण झोपेतच चाललोय. लहानपणी नाताळच्या पहाटे रोझीचं बोट धरून असंच अर्धवट झोपेत मिशनच्या देवळात जायचो, आणि ती वाटभर विचारायची, “दादा, आलं का?”

शेवटी काळा, ओला खडक समोर आला. त्यात मनगट जाईल एवढं भोक होतं. पलीकडे पिवळा उजेड हलत होता.

सत्यवानने भोकाची खोली मोजायला लांब लोखंडी गज आणला होता. तो पुढे सरसावला, तसा पुंजारामने त्याचा हात धरला.

“गुळाच्या आधी लोखंड न्हाई घालायचं, साहेब. अपशकुन हुतो.”

खडक फुटला की दोन्हीकडच्या टोळ्यांची सोयरीक झाली, असं हे मजूर मानत. पलीकडची बाई भोकातून गूळ देई, अलीकडचा पुरुष तिला चोळीचा खण देई, आणि दोघं बहीणभाऊ होत. सत्यवान ख्रिस्ती होता, पण बहिणीच्या खणाची रीत त्याच्याही घरात होती. त्याने गज भिंतीला टेकवला आणि रीतीसाठी आणलेला खण खिशातून काढला.

भोकातून एक हात आला. तळव्यावर गुळाचा खडा होता. करंगळी लहानपणी जात्यात चेंगरून वाकडी झालेली.

“घे, दादा.”

सत्यवान भोकाशी वाकला. “रोझी? तू?”

“व्हय. मीच हाय.”

“अगं, अशा दिवसांत एवढ्या आत कशाला आलीस?”

“तुझा हात धराया.”

त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. चिमणीची ज्योत सरळ उभी होती, वाऱ्याची झुळूक म्हणून नव्हती. सत्यवानला वाटलं, सगळा डोंगर श्वास रोखून आपलं बोलणं ऐकतोय. त्याला रडू आलं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

“या वेळी घाट नाही चढायचा तुला,” तो म्हणाला. “इथूनच येशील. सरळ, सावलीतून.”

रोझीने त्याची बोटं घट्ट दाबली. “दादा, सही कर. म्हंजी काम बिगीनं हुईल.”

खण तिच्या हातात गेला. सत्यवानने तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून, शेवटच्या बिलावर सही केली. गज न्यायची आठवणही त्याला राहिली नाही. परतीच्या टांग्यात त्याने डोळे मिटले. समोर बोगदा होता, त्यातून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, आणि गाडीत रोझी मूल कुशीत घेऊन बसली होती.

टांगा धुक्यात दिसेनासा झाला. पुंजाराम आबासाहेबांबरोबर आत गेला आणि भोकाभोवती चिखलाने लिंपून रचलेले दगड एकेक काढू लागला.

दगडांमागच्या कोनाड्यातून रोझी पोट सावरत बाहेर आली. परवाच तिला गाडीत घालून जुन्या घाटाने अलीकडे आणलं होतं. तिच्या पाठीमागे डोंगर अखंड होता.

“दादाला फसवलं मी,” ती हुंदके देत म्हणाली. “पन तुमी सांगितलं हुतं, बिल निघालं तरच उरलेला डोंगर फुटंल. आता कवा हात घालनार, आबासाहेब?”

आबासाहेबांनी सही झालेल्या बिलाची घडी करून खिशात ठेवली आणि बोगद्याच्या तोंडाकडे वळून मजुरांना हाक दिली, “तंबू सोडा रे! पहारी, घमेली, समदं गाड्यांत भरा.”