मॅटाडोरचा हीटर

“भिया, बद्रीनाथला चाललायस, मांडवगडला नाही,” मॅटाडोरच्या दारावर थाप मारत आशिष मेकॅनिक म्हणाला. “गॅसचा हीटर लावून टाक. मस्त झोपाल.”

“गॅस नको,” अभिराम म्हणाला.

“मग रॉकेलचा.”

“नको.”

“अरे यार, मग काय सिगडी घेऊन—”

आशिषने जीभ चावली. सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं.

याच गाडीत अभिरामचे वडील गेले होते. इंदूरची त्यांची कापडमिल बंद पडली, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात. श्रीपादरावांनी ही जुनी मॅटाडोर घेतली आणि बटाट्याची पोती वाहायला लागले. एका संध्याकाळी पेटती शेगडी घेऊन ते मागे चढले, काचा लावून घेतल्या. सकाळी दार तोडावं लागलं. मिलमधली माणसं त्या दिवसांत अशी जातच होती. कुणी रुळावर, कुणी विहिरीत. कुणी फार विचारलं नाही.

गाडीला गिऱ्हाईक मिळालं नाही. वर्षानुवर्षं ती घरामागे ताडपत्रीखाली उभी राहिली. ताडपत्रीतून खोकल्याचा आवाज येतो, असं आई म्हणे. मांजर असेल, अभिराम म्हणे. त्यालाही तो ऐकू येत असे.

आता तो तुकोगंजला एका कंप्यूटरच्या ऑफिसात लागला होता. यंदा आईने, द्वारकाबाईंनी, विषय काढला. आपणहून जीव देणाऱ्याची सुटका बद्रीनाथला होते म्हणतात. तिथे ब्रह्मकपालीला पिंड द्यायचे. आणि जायचं याच गाडीतून, यातच झोपायचं. “दुसऱ्या गाडीत बसलो तर ते मागे कसे येतील?”

म्हणून हीटर.

“आत काही जळायला नको,” अभिराम म्हणाला. “बाकी काहीही लाव.”

आशिषने मान खाजवली. “मग इंजिनाचं गरम पाणी. नळीने मागे आणू, सीटखाली छोटा रेडिएटर, त्याला पंखा. पण इंजिन बंद की गरमी बंद. नंतर मला शिव्या नको देऊस.”

“चालेल. वर रजया घेऊ.”

रविवारी गाडी गरम करून बघायचं ठरलं. यात्रेसाठी इचलकरंजीहून शारदाआत्या आली होती. श्रीपादरावांची धाकटी बहीण. ती हौसेने मागे जाऊन बसली. आई खालीच दाराला धरून उभी. अभिरामने इंजिन चालू केलं आणि मागे वळून बघत राहिला. थोड्या वेळाने पंख्यातून गरम वारा यायला लागला.

“अगबाई! फारच ऊब आहे गं!” आत्या म्हणाली.

“इतक्यात कंटाळलीस, आत्या? अजून तर गाडी हललीसुद्धा नाही.”

“कंटाळते कशाला? ऊब रे, ऊब!” तिने तळवे पंख्यापुढे धरले. “ही अशी अंगाला लागते ना, ती. तुम्ही इंदूरवाले काय म्हणता हिला?”

“गरमाई,” आई खालून म्हणाली.

अभिरामचा हात स्टिअरिंगवर तसाच राहिला.

आई इंदूरजवळच्या देपालपूरची; घरात तिचीच हिंदीमिश्रित बोली चाले. शाळा हिंदी. आणि हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा. जीव विटणं. इचलकरंजीची मराठी घरात फक्त बाबांची, आणि बाबा बोलायचे कमी.

त्या संध्याकाळी तो डबा द्यायला गाडीपाशी गेला होता. अकरावीत होता. बाबांनी काच चार बोटं सरकवली. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल दिसत होता. म्हणाले, “फार ऊब आहे रे. तू जा घरी.” काच बंद झाली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी विचारलं, शेवटचं काय बोलले? कंटाळा आलाय म्हणाले, अभिरामने सांगितलं. आईला तेच. नात्यात सगळीकडे तेच.

पण गाडीत पोती होती. पहाटे मंडीत न्यायची. ती राखायला ते आत झोपले. थंडी होती म्हणून शेगडी. वारा येतो म्हणून काच. एवढंच. बाबा वैतागून गेले नव्हते, बाबांना मरायचंच नव्हतं, बाबा नुसते—

“आई!” त्याचा आवाज फुटला. “आई, ऐक—”

आई पायरी चढून आत आली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गरम वारा तिच्या पावलांवर येत होता. तिने त्याचं ऐकलंच नाही.

“वन्सं,” ती नणंदेला म्हणाली, “त्या दिवशी सिगडी मी भरून दिली होती. ते नको म्हणत होते. मीच म्हटलं, ठंड बहुत आहे, घेऊन जा. कोळसे फुंकून फुंकून फुलवले.”

“वहिनी, आता कशाला ते?”

“नाही, बोलू द्या. ते ठरवून गेले, म्हणून मी जगले. अभिला सांगून गेले ना, कंटाळलो म्हणून. चुकून झालं असतं, तर ते माझ्या हातून झालं असतं.”

आत्याने डोळ्यांना पदर लावला. मग तिचं लक्ष अभिरामकडे गेलं.

“तू का रे असा पांढराफटक पडलास? ऊब म्हटल्यावर केवढा दचकलास. दादा म्हणायचा का असं कधी?”

आईही त्याच्याकडे बघायला लागली.

अभिरामने इंजिन बंद केलं.

“नाही आत्या,” तो म्हणाला. “बाबांच्या तोंडून हा शब्द मी कधीच ऐकला नाही.”