तिसऱ्या गिअरवरचा हात

कात्रजच्या जुन्या घाटात पहिलं मोठं वळण आलं. अक्षतानं तिसरा गिअर टाकला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घेतले. शेजारी बसलेल्या धोंडिबाचा उजवा हात आपसूक पुढे गेला. गिअरचा दांडा रोजच्या जागी नव्हता. मूठ हवेतच मिटली.

"चार बोटं मागे सरकलाय तो," पाठीमागून गॅरेजचा रंगनाथ मिस्त्री म्हणाला. पिकअपच्या हौद्यात मातीच्या गोण्यांमध्ये उभा राहून त्यानं केबिनच्या मागच्या बिनकाचेच्या खिडकीत तोंड घातलं होतं. "मोठ्या गाडीचा गिअरबॉक्स म्हाताऱ्या गाडीत बसवायचा म्हणजे तेवढी जागा द्यावी लागते. पत्रा कापला, शाफ्ट आखूड केला. आता गाडी मोडेल, गिअरबॉक्स मोडायचा नाही."

धोंडिबानं चाचपून दांडा शोधला आणि मुठीत धरला.

जुना गिअरबॉक्स चढावर तिसऱ्यातून सुटायचा. इंजिन नुसतं ओरडायचं आणि भरलेली गाडी मागे यायला लागायची. दोन वर्षांपूर्वी धोंडिबाचं डावं अंग लुळं पडलं आणि गाडी लेकीच्या हातात आली. पण घाटातल्या वळणांवर तिला स्टिअरिंगलाच दोन्ही हात पुरायचे नाहीत. म्हणून रोज सकाळी मांजरीच्या नर्सरीतली रोपं भरून गाडी निघाली, की बाप शेजारी बसायचा. "आप्पा, तिसरा," ती म्हणायची. तो चांगल्या हातानं दांडा दाबून धरायचा. खालचे हिसके खांद्यापर्यंत पोचायचे. घाटमाथ्यावरचा बोगदा येईपर्यंत तो कुणाशी बोलायचा नाही. बोगदा आला की ती म्हणायची, "सोडा."

आज दांड्यात हिसका नव्हता. देवळाच्या खांबाला हात लावून बसल्यासारखं वाटत होतं.

"बघा ना आप्पा, किती गप्प आहे!" अक्षताला हसू आवरत नव्हतं. "कधीपासून मनात होतं माझ्या. रात्री खांदा चोळत बसता, मला काय दिसत नाही का? उद्यापासून पहाटे उठायचं नाही. सात वाजेपर्यंत खुशाल झोपा."

"आणि इथं?"

"कुठं?"

"ह्या सीटवर."

"जरबेराच्या रोपांचे ट्रे ठेवीन. मागे वाऱ्यानं पानं फाटतात त्यांची."

पोरगी चुकीचं काहीच बोलली नव्हती.

"ट्रेला पट्टा लाव," धोंडिबा म्हणाला. "वळणावर घसरतील."

पुढचं वळण आलं. चढ वाढला. गाडी एका लयीत चढत होती.

"हलतोय," धोंडिबा एकदम म्हणाला.

"काय?"

"तिसरा. हलतोय. सुटंल."

अक्षताचं हसू मावळलं. तिनं गाडीचा वेग कमी केला. "मिस्त्री, आप्पा म्हणतात हलतोय."

"काय बिशाद आहे त्याची!" खिडकीतनं आवाज आला. "दोनदा उतरवून बसवलाय मी."

"मला कळतंय ना," धोंडिबा म्हणाला. "दोन वर्षं धरलाय मी. तुमी न्हाई."

"मग परत न्यायची का गॅरेजला?" अक्षतानं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "पुन्हा सगळं उतरवायचं?"

पस्तीस वर्षं गाडी चालवून धोंडिबा गाडीबद्दल कधी खोटं बोलला नव्हता. कान गरम झाले होते. पण मूठ सैल होईना.

"कुठं न्यायची नाही," मिस्त्री म्हणाला. "चल पुढे. आता खरा चढ आहे. धोंडिबा, हात काढा."

"सुटंल."

"सुटू द्या. गाडी मागे आली तर आधी मीच पडणार आहे, तुमच्या ह्या गोण्यांसकट. काढा हात."

धोंडिबानं लेकीकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती.

"सोडा, आप्पा," ती म्हणाली.

बोगदा अजून दोन वळणं लांब होता.

त्यानं हात सोडला. फार नाही, वीतभर वर उचलला आणि तसाच धरून ठेवला. सुटला तर लगेच धरता यावा म्हणून. अक्षतानं ॲक्सिलरेटर दाबला. गाडी वळली, भरल्या अंगानं चढत गेली. दांडा होता तिथेच उभा होता.

रंगनाथ मिस्त्रीनं दांड्याकडे पाहिलं. मग त्याच्यावर तरंगणाऱ्या हाताकडे पाहिलं. नेहमीसारखं काहीतरी खोचक त्याच्या तोंडावर आलं असावं, पण त्यानं ते गिळलं.

"दांडा हलत नाही, धोंडिबा," तो हळू आवाजात म्हणाला. "हलतोय तो तुमचा हात."

त्यानं खिडकीतून डोकं काढून घेतलं.



"ट्रे मागेही बसतील तसे," अक्षता म्हणाली. "वरून कापड टाकलं तर."

"नको," धोंडिबा म्हणाला. "पानं फाटतील."

त्यानं उजवा हात खाली घेतला. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. आधी गुडघ्यावर ठेवला, मग सीटवर. तेवढ्यात शेवटचं वळण आलं आणि मांडीवर पडलेला डावा हात खाली घसरायला लागला. धोंडिबानं तो पकडला आणि बोगदा येईपर्यंत घट्ट दाबून धरला.