मालनचा पाय

"मावशी, तुमचा पाय आता माझ्या पोरीजवळ नको," हितेंद्र म्हणाला आणि औषधं आणायला खाली गेला.

मालन वॉर्डच्या दारातच राहिली. चपला हातात. परळच्या त्या इस्पितळात चपला काढायला कुणी सांगितलं नव्हतं, तिनेच आपणहून काढल्या होत्या. आता त्या घालाव्यात की धरून ठेवाव्यात, तिला कळेना. आत सहाव्या खाटेवर हितेंद्रची नऊ वर्षांची अंबिका पडून होती. तिच्या कमरेतून एक नळी निघून खालच्या बाटलीत गेली होती. बाटलीत काय साचतंय ते मालनने एकदाच पाहिलं. परत नाही.

मालन पायाळू. आईच्या पोटातून डोक्याकडून न येता पायाकडून आलेली. पायाळू माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण उतरते, हे घोडपदेवच्या तिच्या चाळीत शिकलेले आणि न शिकलेले सारखंच मानत. दुखणेकरी चटईवर पालथा पडायचा. मालन डावा पाय धुऊन यायची आणि त्याच्या कमरेला तीनदा लावायची, मांजरीने पाऊल टाकावं इतका हलका. माणूस उठायचा आणि म्हणायचा, "गेलं!" चाळीस वर्षं हे चाललं होतं. गिरणी बंद पडली, पाठोपाठ नवराही गेला, पण पायाचा मान राहिला.

गेल्या वर्षी गणपतीत मंडळाचं सामान उचलताना खुद्द हितेंद्रची कंबर धरली होती. तोही पालथा पडला होता. उठल्यावर त्याने सगळ्यांदेखत दोन उड्या मारून दाखवल्या. "गेलं! मावशी, तुमच्या पायापुढे डॉक्टर काय करणार?" मालन त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

अंबिका शाळा सुटली की शेजारी मालनकडेच असायची. तिची आई रुपाली दादरला साड्यांच्या दुकानात. घरी यायला तिला आठ वाजायचे. अठरा दिवसांपूर्वी पोर म्हणाली, कंबर दुखते. अंग किंचित कोमट लागलं. खेळताना पडली असेल, उसण भरली असेल. मालनने पाय धुतला. अंबिका उठली आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "गेलं." चार दिवसांनी ती पाय ओढताना दिसली. पुन्हा पाय, पुन्हा "गेलं". ताप यायचा, गोळीने उतरायचा, पुन्हा यायचा. तिसऱ्या खेपेला "गेलं" म्हणताना तिच्या वरच्या ओठावर घाम होता. मालनला तो दिसला होता. ऑक्टोबरचा उकाडा, असं तिने ठरवून टाकलं.

अकराव्या दिवशी अंबिकाला मोरीचा उंबरा ओलांडता येईना.

आज सकाळी डॉक्टरबाईंनी तिघांना समोर बसवून सांगितलं होतं. कमरेच्या हाडात जंतू शिरले, आत पू झाला, तो खुब्याच्या सांध्यात उतरला. लहान मुलांत या हाडाला हे क्वचितच होतं. "पहिल्या चार दिवसांत आणलं असतंत, तर बहुतेक औषधांवर भागलं असतं. आता सांधा किती वाचतो ते बघायचं. पाय आखूड राहू शकतो."

"बाई, माझ्या पायाने झालं का हो?" मालनने विचारलं.

"पायाने काही होत नाही, आजी. उशिराने झालं."

पायाने काही होत नाही. यात आपल्याला माफी मिळाली की आपली चाळीस वर्षं पुसली गेली, हे मालनला दिवसभर ठरवता आलं नव्हतं.

"मावशी, आत या," रुपाली दाराशी आली. डोळे सुजलेले. "मघापासून तुम्हालाच विचारतेय ती."

"आणि हितेंद्र?"

"त्यांचं मी बघते."

मालन खाटेशेजारच्या स्टुलावर बसली. लुगड्याचा काठ ओढून तिने दोन्ही पावलं झाकली.

"आजी, पाय कशाला लपवतेस?"

"गार पडलेत गो." मालनने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. विचारायचं नव्हतं, तरी तिने विचारलं. "खूप दुखायचं काय गो?"

"खूप."

"पहिल्या दिवशीपण?"

"हो. तू पाय लावलास की आणखीनच."

"मग मेले, 'गेलं' कशाला म्हणालीस?"

अंबिका तिच्याकडे बघतच राहिली. पाहुणे निघाले की 'या परत' का म्हणतात, असं कुणी विचारावं, तसं.

"म्हणायचंच असतं ना? पप्पांनी शिकवलंय. आजीने पाय लावला की 'गेलं' म्हणायचं. दुखत असलं तरी. नाहीतर आजीला वाईट वाटतं."

रुपालीने चादर सरळ करायला घेतली. ती सरळच होती.

मालनने मान वळवली. हितेंद्र औषधांची पिशवी घेऊन मागे उभा होता. केव्हापासून, देव जाणे. मग पिशवी खाटेखाली ठेवायला तो वाकला. एक हात खाटेच्या दांडीवर, दुसरा आपल्या कमरेवर, श्वास रोखून, अगदी हळूहळू.