सुखाच्या मरणाचं पुस्तक

‘या गावात एकही जीव पापं कबूल केल्याशिवाय मरणार नाही,’ असं स्पेनहून आलेल्या पाद्री बेनितोंनी चर्चमध्ये ठणकावलं आणि आम्हा फिलिपिन्समधल्या टागालोग लोकांसाठी, आमच्याच भाषेत, सुखाच्या मरणाचं पुस्तक लिहायला बसले.

तोमासा धावत आली. “पाद्री, चला हो लवकर. बाबा आता जातील, आणि तसेच गेले तर नरकात जातील.”

“आलोच गं पोरी. मरणाऱ्याला ताटकळत ठेवू नये, तेच प्रकरण संपवतोय.”

प्रकरण संपवून पाद्री पोचले, तेव्हा बायका प्रेताला आंघोळ घालत होत्या.

“शेवटी काय म्हणाला गं?”

“‘पाद्री आले का?’ एवढंच विचारत होते.”

 

पाद्रींनी हळूच कागद काढला. “अगदी अस्सल टागालोग. पुन्हा सांग बघू, जरा सावकाश.”