बूट हातात

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलहून तासाभरावरच्या स्टेट पार्कात, झाडीतून उतरून बोटींच्या धक्क्यावर आल्यावर हिमानीनं वडिलांना तिथली पाटी वाचून सांगितली. "अप्पा, हे तळं नॅचरल नाहीये. धरण बांधलं तेव्हा इथलं अख्खं गाव पाण्याखाली गेलं. चर्चसकट."

बोटीत पाय ठेवण्याआधी अप्पांनी बूट काढून हातात घेतले.

"अप्पा, राहू द्या ना. इथे सगळे शूज घालूनच बसतात. आणि खाली काही आपलं देऊळ नाहीये."

अप्पा अनवाणीच बोटीत बसले. लाइफ जॅकेटचा पट्टा ओढत म्हणाले, "गावाकडचं आपलं देऊळही असंच धरणात गेलं, त्याच्यावरून आता स्पीडबोटी फिरतात. त्यातही कुणीतरी बूट काढत असेल."