आतल्या खोलीचं दार

दार उभं झालं तेव्हा दुपारचे चार वाजले होते, आणि लहानू स्वतःवर इतका खूश होता की तोंडातले उरलेले तीन खिळे काढायचंही विसरला.

तीस वर्षं संत्रा मार्केटात पेट्या ठोकणारा माणूस तो. तेव्हा संत्री लाकडाच्या पेटीतून जायची, पुठ्ठ्याच्या नाही. घरात सुताराचं नाव निघालं तसा लहानू भडकला होता. "लाकूडच ठोकाचं आहे न वं. थे मले कोण शिकवते?" लाकडाच्या टालावरून सालईच्या फळ्या आणल्या, सुतळीनं चौकटीचं माप घेतलं, आणि तीन घंट्यांत दार तयार.

घाईही तशीच होती. उद्या विहारात पोराचं, रवींद्रचं लग्न, आणि संध्याकाळी सून घरी. सोयरीक जुळवायला आलेल्या भिवापूरच्या बायांनी एकच गोष्ट विचारली होती, आतल्या खोलीले दार आहे का. लहानूच्या बायकोनं, भीमाबाईनं, ठसक्यात हो म्हणून सांगितलं होतं. तेव्हा तिथं परदा होता.

शेजारचा ताराचंद दार पाहायला आला. त्यानं वरून खाली हात फिरवला.

"झकास, लहानूभाऊ." मग तो थोडा वाकला. मग त्यानं एक डोळा मिटला. "पलंग दिसून राहिला."

"दार लागलं आहे न बे."

"लागलं आहे. तरी दिसून राहिला. उशी बी दिसते. उशीवरचा मोर बी."

लहानूनं तोंडातले खिळे काढले आणि पाहिलं. दर दोन फळ्यांच्या मधे एक बोटाची फट. सरळ, सारखी, वरपासून खालपर्यंत. अशा सात. डोक्याला न विचारता हातानंच सोडल्या होत्या. पेटीत फटी ठेवल्या नाहीत तर संत्रं कलकत्त्याला पोचायच्या आत सडतं. यावेळी आत संत्री नाहीत हे हाताला कोण सांगणार?

अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या सिंधूताईनं, लहानूच्या मोठ्या बहिणीनं, मान वर केली.

"काहून गा लहानू, सुनेले रेल्वेनं पाठवतं का? मंग थोडं गवत-तणीस बी भर. वरतून पत्ता लिही."

ताराचंद चौकटीला धरून हसला. चौकट हलली. दार हललं नाही. ठोकलं पक्कं होतं, एवढं म्हणायलाच पाहिजे.

भीमाबाई हसली नाही. कणकेचे हात घेऊन चुलीजवळून उठून आली, एका फटीत बोट घातलं. बोट पार पलीकडे गेलं.

"मी त्याइले दार आहे म्हणून सांगतलं," ती म्हणाली. "दार म्हणून."

"वरतून परदा टाकून देऊ."

"परदा होताच की."

लहानूनं हातातले खिळे खिशात टाकले. त्यानं ताराचंदला घरी पाठवलं. फळ्या काढून पुन्हा जोडायची सोय नव्हती. खिळ्यांची टोकं मागून वळवून दाबलेली, ओढली तर सालई उभी चिरली असती. तो घरामागे गेला. चुलीसाठी ठेवलेल्या जुन्या पेट्या त्यानं फोडल्या, त्यातल्या बारीक पट्ट्या वेगळ्या केल्या. एका फटीवर दोन-दोन पट्ट्या, टोकाला टोक लावून.

भीमाबाई हात धुऊन पट्टी धरायला उभी राहिली.

"सरळ धरतं का जराशी?"

"तुम्ही सरळ ठोका."

एका पट्टीवर काळ्या रंगात व्यापाऱ्याचं अर्धं नाव होतं. भीमाबाईनं ती लहानूच्या हातातून घेतली, उलटी केली आणि परत लावली. लहानूनं खिळा मारला.

दिवेलागणीला शेवटची पट्टी बसली.

"आतून पाहा लागते," लहानू म्हणाला. "उजेड येते का."

बाहेरच्या खोलीतला बल्ब लावून दोघं आत गेले. लहानूनं दार ओढलं, कडी लावली. अंधार झाला. बिजागिरीजवळ केसाएवढी एक रेघ दिसत होती, बाकी काही नाही. बाहेर सिंधूताई कुणाला तरी साखरेबद्दल ओरडत होती. तिचा आवाज दुसऱ्या घरातून आल्यासारखा येत होता.

"मी दिसतो का?"

"नाही."

भीमाबाई पलंगावर बसली. विणलेली नवी निवार करकरली.

"आपल्या वेळी तुमची माय अथी झोपे," ती म्हणाली. "तथी दोघं दीर. मधात लुगडं टांगलं होतं."

"चादर होती."

"लुगडं होतं. माह्यं होतं." तिनं चाचपून उशी मांडीवर घेतली. "सव्वीस वर्षं झाले, या खोलीत मी मोठ्यानं बोलली नाही."

"मंग बोल न आता."

तिनं विचार केला. लहानू चाचपडत येऊन तिच्याजवळ बसला. त्याच्या हातांना सालईच्या डिंकाचा वास होता.

"काय बोलू?" ती म्हणाली, आणि तेही हळूच.

बाहेरून दारावर थाप पडली. "अवं भीमा," सिंधूताईचा आवाज, "उमरेडचे पाहुणे आले. चहा कोण ठेवते?"

लहानू उठला, अंधारात कडी शोधू लागला. भीमाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"अजी," ती म्हणाली, "कडी पक्की बसली का नाही, आणखी जराशी पाहून घ्या."