आधी सळीला हात

आमच्या जैसलमेरात वाळूची आंधी उठली की हौसेने बिनतारी हॅम रेडिओ चालवणाऱ्या जेठमलचा नियम एकच: एरियलची वायर सेटमधून ओढून काढायची, पण त्याआधी जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या सळीला हात लावायचा. "वाळू घासून अंगात किती वीज साठलीय ते आपल्याला कळत नाही. एक ठिणगी, की सेट आतून मेला. बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही," असं तो सगळ्यांना शिकवायचा.

त्या दुपारी आंधी आली आणि वायर काढायला त्याच्या बायकोला, सुगनीला, उशीर झाला. त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. पडली तशी कमरेत लाथ घातली.

"सेट मेला असता ना, भवाने!"

ओठाचं रक्त पुसत ती म्हणाली, "मग मला हात लावायच्या आधीही त्या सळीला लावत जा."

जेठमल आणखी पिसाळला. तिला आणखी एक लाथ हाणून तो तसाच वायर काढायला सेटवर झेपावला. चट्‌ करून ठिणगी उडाली. सेट मुका झाला.

जेठमलने सेट पोटाशी धरला आणि हमसून रडायला लागला.

"चुकलो रे! माझ्याच हातानं मारलं तुला!"

एकवीस वर्षांत हे शब्द सुगनीने पहिल्यांदाच ऐकले.